शेषरावाच्या डब्यात काय आहे?

शेषरावाच्या दंडावर बेडकी आली आणि आमच्या घरातली शांतता गेली.

बेडकी म्हणजे हात वाकवला की दंडावर वर येतो तो गोळा. शास्त्राप्रमाणे तो प्रत्येक माणसाला असतो, म्हणजे मलाही असणार. पण माझा गोळा स्वभावानं संकोची आहे, चारचौघांत येत नाही. शेषरावाचा मात्र नळावरची बादली उचलतानासुद्धा गल्लीतल्या प्रत्येक खिडकीची विचारपूस करून जायचा.

शेषराव माझा शेजारी. लोणारात आमची घरं एकाच भिंतीला टेकून उभी आहेत. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, लग्नं एकाच उन्हाळ्यात झाली, आणि गेल्या वर्षापर्यंत आमची पोटंही एकाच मापाची होती. त्याचं खत-बियाण्यांचं दुकान, मी पंचायत समितीत वरिष्ठ सहायक. दोन्ही कामं बसून करायची. बरोबरीच्या पोटांवर उभी असलेली मैत्री फार टिकाऊ असते अशी माझी समजूत होती. मग एके दिवशी हा गडी पहाटे उठून सरोवराच्या काठच्या रस्त्यानं पळायला लागला. मी हसलो. चार दिवसांत गुडघे धरून बसेल, असं मी बायकोला, पुष्पांजलीला, सांगूनही टाकलं. तो बसला नाही. उलट त्याचं पोट हळूहळू दिसेनासं झालं, आणि दोघांचं मिळून जेवढं पोट होतं ते सगळं माझ्याकडंच राहिल्यासारखं दिसू लागलं.

तरीही मी सहन केलं असतं. पण गॅसच्या सिलिंडरनं घात केला. गाडीवाला आमचं सिलिंडर फाटकाशी टाकून निघून गेला होता. मी ते रीतसर, आडवं करून, पायानं लोटत आणत होतो. सिलिंडर असंच आणायचं असतं. तेवढ्यात शेषराव आला, त्यानं ते उचलून खांद्यावर टाकलं आणि थेट आमच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. चहा नको म्हणाला, साखर सोडली म्हणाला, आणि गेला.

पुष्पांजली दाराकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "शेषरावभाऊजी धापसुद्धा टाकत नाहीत."

मी म्हणालो, सिलिंडर अर्धवट भरलेलं असेल, हल्ली वजनात मारतात. पण त्या दिवसापासून आमच्या घरात बरणीचं झाकण उघडेना, माळ्यावरचं पातेलं काढायचं असलं, की ती मला हाक मारण्याआधी क्षणभर भिंतीकडं बघायची. भिंतीपलीकडं शेषराव राहतो. तो क्षण मला दिसत होता.

अशात एका रविवारी मी आमच्या गच्चीवरून सहज, अगदी सहज, त्याच्या अंगणात पाहिलं. शेषराव पळून आला होता. त्यानं एका भल्या मोठ्या काळ्या डब्यातून चमचाभर पावडर बाटलीत टाकली, पाणी ओतलं, बाटली डमरूसारखी हलवली आणि गटागटा प्याला. डब्यावर सोनेरी अक्षरांत 'वज्रदेह गोल्ड' असं लिहिलं होतं आणि खाली मान नसलेल्या एका माणसाचं चित्र होतं. मला जो आनंद झाला तो मुलगी बारावीला पहिली आली तेव्हाही झाला नव्हता. म्हणजे हा शेषराव नव्हताच. हे सगळं डब्यातलं होतं. सिलिंडर डब्यानं उचललं होतं.

आता प्रश्न एवढाच होता, की डब्यात काय आहे. काहीतरी भयंकर असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

मी आमच्या गल्लीतल्या जाणकारांना विचारलं, अर्थात शेषरावाचं नाव न घेता. निवृत्त कंपाउंडर गुलाबरावांनी सांगितलं, की अशा डब्यांत शर्यतीच्या घोड्यांना देतात ते औषध असतं आणि माणूस शेवटी खिंकाळतो. किराणावाल्यानं सांगितलं की आधी शरीर फुगतं आणि मग एकदम बसतं, पुरीसारखं. एकानं किडन्यांचं सांगितलं. मी रोज संध्याकाळी भिंतीला कान लावून बघायचो. खिंकाळण्याचा आवाज आला नाही. शेषराव बसेल म्हणून मी वाट पाहत होतो, तर त्यानं पुढच्या महिन्यातल्या दौडीत नाव दिल्याची बातमी आली. सुलतानपूर ते लोणार, पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी. पहिल्या येणाऱ्याचा सत्कार भर चौकात, मंडपात, बायकामाणसांसमोर.

तेव्हा मी ठरवलं, की हे सार्वजनिक आरोग्याचं काम आहे आणि ते मलाच केलं पाहिजे.

मी सरकारी माणूस. सरळ रजा टाकून बुलढाण्याला गेलो आणि अन्नपदार्थांच्या तक्रारी घेतात त्या कार्यालयात उभा राहिलो. टेबलामागं एक शांत बाई होत्या. त्यांनी विचारलं, डबा कुठं आहे. म्हटलं, शेजाऱ्याकडं. पावती? तीही त्याच्याकडंच असेल. पावडर कुणी खाल्ली? त्यानंच. मग त्रास त्याला झाला का? म्हटलं, नाही, त्याची तब्येत उत्तम आहे, तीच तर तक्रार आहे. बाईंनी चष्मा काढला आणि तो पुसत अगदी आदबीनं विचारलं, "मग नेमका त्रास कोणाला झालाय, साहेब?"

आता या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत होतं, पण ते कार्यालयात सांगण्यासारखं नव्हतं. मी आजवर लोकांचे शेकडो अर्ज त्रुटी दाखवून परत केलेले आहेत, नियमानं करावे लागतात. पण परत येणारा अर्ज हातात घेऊन जिना उतरताना माणसाचा चेहरा कसा होतो, हे मला त्या दिवशी त्यांच्या काचेच्या दारात पहिल्यांदा दिसलं.

बसस्टँडजवळ फारुखभाईचं शिवणकामाचं दुकान आहे. संध्याकाळी मी तिथं बसतो. त्यानं माझा चेहरा पाहून मशीन थांबवली. मी त्याला सगळं सांगितलं. म्हणजे सार्वजनिक आरोग्याची बाजू सांगितली. त्यानं टेप गळ्यात टाकून शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "माणिकभाऊ, गावभर काऊन इचारत हिंडून राह्यले? आपली अदीबा हेच काम करते ना संभाजीनगरले."

अदीबा म्हणजे त्याची थोरली. एम.एस्सी. झालेली, तिथल्या एका खासगी प्रयोगशाळेत खाण्याच्या वस्तू तपासते. हे मला माहीत होतं, पण मला वाटायचं की ती तिखटात विटकर शोधत असेल. फारुखभाईनं फोन लावून दिला. अदीबानं विचारलं, काका, नेमकं काय तपासायचं आहे? म्हटलं, जे सापडेल ते. ती हसली आणि तिनं समजावलं, की असं नसतं. डब्यावर जेवढं प्रथिन लिहिलंय तेवढं आत आहे का, ही एक तपासणी. शिसं, आर्सेनिक असले जड धातू आहेत का, ही दुसरी. आणि लेबलवर न लिहिलेलं काही, म्हणजे स्टेरॉइड वगैरे, मिसळलंय का, ही तिसरी. मी म्हटलं, तिसरीवर जोर दे. बाकीच्याही कर, पण तिसरीवर जोर दे.

त्याच दिवशी मी नमुना मिळवायला शेषरावाकडं गेलो. त्याची बायको मंजुश्रीवहिनी चहा टाकायला आत गेल्या, आणि मी टेबलावरच्या डब्यातली चार चमचे पावडर खिशातल्या छोट्या स्टीलच्या डबीत काढून घेतली. घाईत शर्टावर थोडी सांडली तीही मी झटकून डबीतच टाकली. घरी येऊन डबी स्वयंपाकघरात फळीच्या मागं ठेवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन बघतो तो डबी घासून पालथी घातलेली. पुष्पांजली म्हणाली, दूध पावडर तुम्ही आणली ते बरं केलं, खीर छान दाट झाली, शेजारीही वाटीभर दिली. शेषराव संध्याकाळी वाटी परत द्यायला स्वतः आला आणि पुष्पांजलीच्या हाताची तारीफ करून गेला. म्हणजे त्याची पावडर त्यालाच खाऊ घातली, वर दूध, साखर, वेलदोडे माझे. आणि साखर सोडलेला माणूस आमची खीर मात्र खातो.

अदीबाला कळवलं तर ती म्हणाली, बरं झालं काका, तसाही तो नमुना उपयोगाचा नव्हता. उघड्या डब्यातलं घेतलं तर त्यात कोणी काय घातलं हे कोण सांगणार? त्याच बॅचचा सीलबंद डबा हवा.

सीलबंद डबा शेषरावाकडं होता. त्यानं दोन एकदम आणलेले मी गच्चीवरून पाहिले होते. तो मिळवायचा एकच मार्ग होता, आणि तो माझ्या अब्रूच्या दृष्टीनं फार अरुंद होता. मी त्याच्या दुकानात गेलो, गिऱ्हाईक जाईपर्यंत युरियाच्या पोत्यावर बसून राहिलो, आणि म्हणालो, शेषराव, मलाही तुझ्यासारखं व्हायचं आहे.

हे वाक्य म्हणताना माझ्या घशाला जे झालं ते मलाच ठाऊक. म्हणजे ते खोटं म्हणून घशात अडकलं असतं तर गोष्ट वेगळी. ते अजिबात अडकलं नाही, सुळकन बाहेर आलं.

शेषराव गल्ल्यावरून उठला आणि त्यानं मला मिठी मारली. त्या मिठीत माझी एक बरगडी बोलली. "मी वाटच पाहून राह्यलो होतो बे, माणक्या," तो म्हणाला. "तू हासत होता तं मले लई वाईट वाटे." त्यानं सीलबंद डबा आतून आणून माझ्या हातात ठेवला, पैसे काढू दिले नाहीत. अट फक्त एक घातली. उद्यापासून पहाटे त्याच्याबरोबर पळायचं.

अशा रीतीनं सार्वजनिक आरोग्यापायी मी पळायला लागलो. पहिल्या दिवशी वळणापर्यंत गेलो आणि एका दगडावर बसलो. सरोवराच्या काठची वानरं मला बघायला झाडावरून खाली आली. शेषराव पुढं जाऊन, परत येऊन, मला उठवून पुन्हा पुढं जात असे. म्हणजे मी पळत होतो त्याच्या तिप्पट तो पळत होता, आणि तेही माझी काळजी करत. माणसाला मत्सर करू द्यायचा असेल तर निदान त्याच्याशी थोडं वाईट वागावं. शेषरावाला तेवढीही समज नव्हती.

शनिवारी डबा घेऊन मी संभाजीनगरच्या एसटीत बसलो. डबा पिशवीत मावला नाही म्हणून मांडीवर. त्यावरचा मान नसलेला माणूस दंड फुगवून सगळ्या बसकडं बघत होता, आणि सगळी बस आधी त्याच्याकडं, मग माझ्याकडं, मग पुन्हा त्याच्याकडं बघत होती. सिंदखेडराजाला एक म्हातारी शेजारी येऊन बसली. तिनं चित्राकडं बराच वेळ पाहिलं आणि मायेनं विचारलं, "हा तुमचा पोरगा काय, बाबा?" मी हो म्हणालो. नाही म्हणून पुढचं सगळं समजावून सांगण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. लेकरू गुणाचं दिसतं म्हणाली. काय करतो विचारलं, तर मी सिलिंडर उचलतो म्हणालो.

प्रयोगशाळा स्वच्छ, थंडगार आणि अगदी शांत होती. पांढऱ्या कोटातली अदीबा मला आधी ओळखूच आली नाही. हिला मी दुकानात बटणांच्या डब्याशी खेळताना पाहिलं होतं. तिनं डब्याचं सील तपासलं, बॅच नंबर टिपला, फोटो काढले. तिनं मला काचेतून यंत्रं दाखवली. प्रथिन थेट मोजत नाहीत, आधी त्यातलं नत्र मोजतात आणि त्यावरून हिशोब करतात, असं तिनं सांगितलं. म्हणून काही लबाड कंपन्या स्वस्तातलं नत्रवालं काहीतरी मिसळतात, म्हणजे यंत्राला प्रथिन भरपूर दिसतं. नत्र म्हटल्यावर मला एकदम शेषरावाचं दुकान आठवलं, आणि तो रोज सकाळी पाण्यातून युरिया पितोय असं एक सुंदर दृश्य माझ्या डोळ्यांसमोर तरळलं. अदीबा म्हणाली, आम्ही त्याचीही वेगळी तपासणी करतो.

मी विचारलं, स्टेरॉइड पकडणारं यंत्र कुठलं? तिनं कोपऱ्यातलं एक करड्या रंगाचं कपाट दाखवलं. मी त्याच्याकडं, मंदिरात बघावं तसं बघितलं असणार. कारण अदीबानं हळूच विचारलं, "काका, तुम्हाला ते सापडावं असं वाटतंय का?"

मी म्हणालो, छे, छे, मला काळजी वाटते. तिनं मान हलवली. फारुखभाईचीच मुलगी ती. माप घेतल्यासारखी बघत होती.

अहवालाला वेळ लागणार होता. दरम्यान मला शेषरावासमोर रोज काहीतरी पिणं भाग होतं. मी सातूचं पीठ पाण्यात कालवून बाटलीतून प्यायचो. तो 'वज्रदेह' प्यायचा, मी सातू. दोघं सरोवराकडं तोंड करून कठड्यावर बसायचो. तो मला त्याच्या दुकानातल्या उधाऱ्या, मुलाचं न जमणारं लग्न, असलं काही सांगायचा. वर्षानुवर्षं शेजारी राहून हे आम्ही कधी बोललो नव्हतो. मला ते आवडायला लागलं होतं आणि त्यामुळं मी स्वतःवर चिडायचो. कारण कठड्यावरून उठला, की तो हरणासारखा निघायचा आणि मी त्याच्या मागून, आत्मा हातात धरून.

एकदा फारुखभाईनं माझी पँट कमरेत आवळून दिली. पुष्पांजलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, कापड सैल पडलं असेल. शेषरावानं मात्र पाहिलं. "पावडर लागू पडून राह्यली तुले," तो म्हणाला, आणि मला न विचारता दौडीत माझंही नाव देऊन आला.

दौडीच्या आदल्या दिवशी दुपारी अदीबाचा फोन आला. मी फाइल घेऊन ऑफिसच्या मागच्या लिंबाखाली गेलो, कारण आनंद झाला तर तो कुणाला दिसू नये.

ती म्हणाली, "काका, यात काहीच नाही."

मी विचारलं, काहीच नाही म्हणजे? स्टेरॉइड? नाही. घोड्याचं औषध? असं काही नसतं, पण नाही. शिसं? मर्यादेच्या आत. युरिया? तोही नाही. मी म्हटलं, मग शुद्ध प्रथिन आहे तर. तर ती म्हणाली, तेच तर सांगतेय, प्रथिनही जवळपास नाही. साधी पिष्टमय पावडर, थोडी दूध पावडर, गोडी आणि व्हॅनिलाचा वास. डब्यावर लिहिलेलं काहीच आत नव्हतं. अपाय नाही, उपायही नाही. फसवणूक आहे, म्हणाली, आणि ज्यानं विकत घेतलं त्यानं पावतीसकट तक्रार केली तर ती टिकेल. सही-शिक्क्याचा अहवाल तिनं मोबाइलवर पाठवला, तो मी ऑफिसातच छापून घेतला.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ लिंबाखालीच उभा राहिलो. फसवणूक झाली होती शेषरावाची, पण लुबाडल्यासारखं वाटत होतं मला. डब्यात काही नव्हतं. म्हणजे सिलिंडर कुणी उचललं? पोट कुणी घालवलं? वर्षभर अंधारात उठून, थंडीवाऱ्यात, काठच्या रस्त्यानं कोण पळत होतं? कुठूनही हिशोब मांडला तरी उत्तर शेषरावच येत होतं. एखाद्या माणसाचं असं काहीतरी वाईट निघावं म्हणून आपण पदरमोड करावी, आणि एका नामांकित प्रयोगशाळेनं लेखी, सही-शिक्क्यानिशी कळवावं की तो अस्सल आहे, यासारखा अपमान नाही.

पण संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. शेषरावाचा त्या डब्यावर विश्वास होता. डबा संपत आला की तो कासावीस व्हायचा. एकदा प्यायचा राहिला तर त्या दिवशी अर्ध्यातून परत आला होता. मग दौडीच्या आधी त्याला हे कळलं तर? मी काही खोटं सांगणार नव्हतो. अहवालच दाखवणार होतो. खरं बोलायला बंदी थोडीच आहे.

सकाळी टेम्पोनं आम्हाला सगळ्यांना सुलतानपूरला नेलं. शाळेच्या पटांगणात पन्नाशीतली माणसं छातीवर नंबर लावून हातपाय ताणत होती. शेषराव बाजूला एका पुलाच्या कठड्यावर बसून बाटली हलवत होता. मी जवळ गेलो. त्यानं सरकून जागा दिली आणि म्हणाला, त्याला रात्री झोपच लागली नाही, हे एवढं पोटात गेलं की बरं वाटेल.

मी म्हणालो, "शेषराव, त्याच्यात काही नाही."

आणि खिशातून अहवाल काढून दिला. त्याला इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून मीच ओळीनं वाचून अर्थ सांगितला. डबा त्याच्याकडूनच घेतला होता आणि पळायला लागायच्या आधीपासून मी हे उद्योग करत होतो, हेही सांगावं लागलं. तो ऐकत राहिला. बाटली त्यानं खाली ठेवली. त्याचे खांदे उतरले. ते मला हवं होतं. मी त्याच्या खांद्यांकडंच बघत होतो. पण ते उतरलेले पाहून मला वाटायला हवं होतं तसं काही वाटेना. कठड्यावर माझ्या शेजारी तो जुना, पोटवाला शेषराव येऊन बसला होता, आणि मला तो बघवेना.

मग त्यानं विचारलं, "म्हंजे वर्षभर मी कनिक पेलो?"

मी म्हणालो, जवळपास.

"मंग पळलं कोन बे?"

आता या ठिकाणी मी गप्प बसू शकलो असतो. लोक रांगेत उभे राहायला लागले होते. एवढाच वेळ गप्प बसायचं होतं. पण तो माझ्याकडं खरोखरच विचारत असल्यासारखा बघत होता, जणू त्याला माहीत नाही आणि मला माहीत आहे. आणि मला माहीत होतं. महिनाभर मी त्याच्या पाठीमागूनच पळत होतो. ती पाठ माझ्याइतकी कुणीच पाहिली नव्हती.

"तूच पळला, शेषराव," मी म्हणालो. "दुसरं कोन पळन?"

त्यानं बाटलीकडं पाहिलं, उचलली आणि पुलाखाली ओतून दिली. तेवढ्यात शिट्टी झाली.

मी शेवटून दुसरा आलो. शेवटचा आला तो वाटेत चहाला थांबला होता. लोणारच्या चौकात पोचलो तेव्हा सत्कार सुरूही झाला होता. शेषराव दुसरा आला होता, हार त्यालाही मिळाला होता. पहिला आला सोनाळ्याचा पुंजाजी म्हणून एक दूधवाला. साठीच्या पुढचा, काटकुळा, गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला, आणि पायात कसलेसे फाटके कॅनव्हासचे बूट. शेषरावाच्या हातात माईक होता. तो सांगत होता, की माझ्या मित्रानं, माणिकरावानं, माझ्या जिवाची काळजी म्हणून, मला न कळवता, रजा टाकून, स्वतःच्या खिशातून माझ्या पावडरीची तपासणी करून आणली. सख्खा भाऊ असं करत नाही. मग त्यानं मला वर बोलावलं आणि स्वतःच्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं डबा विकणाऱ्या बुलढाण्याच्या दुकानाविरुद्ध पावतीसकट तक्रार करणार असल्याचंही जाहीर केलं. पुढं ती केलीही, आणि ती दाखल झाली.

मंडपात पुष्पांजली मंजुश्रीवहिनींच्या शेजारी बसली होती. सिलिंडरच्या दिवशी ती दाराकडं ज्या डोळ्यांनी बघत होती, त्याच डोळ्यांनी आज माझ्याकडं बघत होती. या नजरेसाठी मी इतका उपद्व्याप केला होता. ती मिळाली तेव्हा मला मान खाली घालून हाराची फुलं मोजावीशी वाटली. त्यातून मला हेही कळून चुकलं, की आता मला शेषरावाच्या दंडाचाच नाही, तर मनाचाही हेवा करावा लागणार. आणि मन काही पळून कमावता येत नाही.

मंडपाच्या मागं पाणी पिताना शेषरावानं माझा दंड धरला. तो माझ्याकडं बघत नव्हता. पलीकडं पुंजाजी जमिनीवर उकिडवा बसून कापडी पिशवीतून काहीतरी मूठभर काढून तोंडात टाकत होता, आणि शेषराव त्या पिशवीकडं बघत होता. डोळे बारीक, ओठ आवळलेले. मी आरशात रोज बघतो ती नजर.

"माणक्या," तो हळूच म्हणाला, "हा म्हतारा काय खाऊन राह्यला बे? साठी झाली त्याची. फारुखच्या पोरीले एक फोन लाव ना."

मी म्हणालो, "त्याच्यात काही नसन, शेषराव. मी सांगतो तुले, काहीच नसन."

त्याला ते पटलं नाही. मला तरी कुठं पटलं होतं? आम्ही दोघं पाण्याचे पेले हातात धरून, पुंजाजी पिशवीचं तोंड बांधून उठेपर्यंत, तिथंच उभे राहिलो.